हे काम करणार कोण?



सूर्याच्या उष्णतेवर चालणारी दोन साधने आपल्या शहरांतल्या गच्च्यांवर आगेमागे आली. एक सोलर कुकर आणि दुसरा पाणी तापवणारा सौर बंब. १९८० च्या दशकात दोन्हींचा सरकारी पातळीवर प्रचार झाला, दोन्हींसाठी अनुदाने दिली गेली. इंधन फुकट, धूर नाही, बिघडण्यासारखे फारसे काही नाही, हे गुणही दोन्हींचे सारखेच. आज पुण्यातल्या एखाद्या उंच इमारतीवरून खाली पाहिले तर सौर बंबाच्या टाक्या ओळीने दिसतात, सोलर कुकर शोधावा लागतो. ज्यांनी तो हौसेने घेतला त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी तो माळ्यावर गेला. याचे कारण उपकरणाच्या गुणवत्तेत शोधून सापडणार नाही. सोलर कुकरमध्ये डाळ-भात उत्तम शिजतो. पण त्यासाठी सकाळच्या घाईत डबे भरून पेटी गच्चीवर न्यायची, झाकणाचा आरसा उन्हाच्या दिशेला लावायचा, ऊन सरकले की पेटी फिरवायची आणि दुपारी डबे खाली आणायचे. हे रोज करायचे, आणि कोणीतरी करायचे. सौर बंब एकदा बसवला की नळ सोडण्यापलीकडे काही मागत नाही. १०० लिटरचा बंब विजेच्या गिझरच्या जागी वापरला तर वर्षाला सुमारे १,५०० युनिट वाचतात असे केंद्रीय नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे गणित आहे, आणि ही बचत घरातल्या कोणाचीही पाच मिनिटेसुद्धा न घेता होते.

पर्यावरणाला न ओरबाडता संसार कसा करावा, या विषयावर आपल्याकडे आता भरपूर लिहिले-बोलले जाते. कापडी पिशवी वापरा, ओल्या कचऱ्याचे खत करा, भाजी धुतलेले पाणी झाडांना घाला, बाळाला सुती लंगोट बांधा, साबणाऐवजी रिठे वापरा. यातला एकेक सल्ला तपासला तर बहुतेक बरोबरच निघतो. मात्र तो अमलात आणायला घरातल्या कोणाचा किती वेळ जाईल हे कुठेच लिहिलेले नसते. विजेचे युनिट मोजले जातात, पाण्याचे लिटर मोजले जातात, कचऱ्याचे किलो मोजले जातात; श्रमाचे तास मोजले जात नाहीत. माझे आजचे म्हणणे असे की घरातल्या पर्यावरणाच्या प्रत्येक निर्णयात हा श्रमाचा हिशेबही धरला पाहिजे. तो केवळ न्यायासाठी धरावा असेही नाही. तो न धरल्यामुळेच चांगले निर्णय काही महिन्यांत बारगळतात.

हे तास आज कोणाच्या खात्यात आहेत, याची राष्ट्रीय आकडेवारी उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरील सुमारे ८१ टक्के स्त्रिया बिनमोबदल्याचे घरकाम करताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. जे करतात त्यांच्यातही स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुष ९७ मिनिटे देत होते. २०२४ मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली तेव्हा आकडे २८९ आणि ८८ असे निघाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचीही नऊ मिनिटे कमीच झाली आहेत. सुमारे पाच तास आधीच देणाऱ्या व्यक्तीकडे आपण आणखी अर्धा तास मागतो आहोत, हे कुठल्याही 'हरित सवयी' सांगताना डोळ्यांसमोर असायला हवे. मुलाच्या शाळेत प्लास्टिकमुक्त डब्याचा उपक्रम निघाला की फडके शोधण्याचे, ते रोज धुण्याचे आणि तेलकट डाग काढण्याचे काम कोणाकडे जाते, हे मी या सभागृहात सांगण्याची गरज नाही.

श्रम न मोजता आखलेल्या योजनेचे काय होते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये तो गुंडाळला गेला. देशभर तीन कोटींहून अधिक चुली या कार्यक्रमात बांधल्या गेल्या. त्यांतल्या फार मोठ्या भागाचा वापर पुढे थांबला. नंतर ओडिशात अर्थशास्त्रज्ञांनी सुधारित चुलींचा काही वर्षे माग ठेवून अभ्यास केला. पहिल्या वर्षी धूर घटलेला दिसला, पुढे हा फरक विरत गेला. लोकांनी चुली नियमित वापरल्या नाहीत, त्यांची डागडुजी केली नाही. प्रयोगशाळेत चुलीची कार्यक्षमता सिद्धच झाली होती. तिथे मोजले गेले नव्हते ते वेगळेच: धुराडे साफ कोण करणार, तडा गेला तर माती कोण लिंपणार, चुलीच्या तोंडात मावतील असे सरपणाचे बारीक तुकडे कोण करणार. जी बाई लाकडे डोक्यावर वाहून आणत होती तिच्याच कामात ही भर पडली, आणि तिने तिच्या परीने निकाल दिला. पुढे गॅसची शेगडी परवडू लागली तिथे बायकांनी ती आपणहून स्वीकारली, आणि जिथे सिलिंडर परवडत नाही तिथे चूल अजून आहे. म्हणून मी बायका बदलाला तयार नसतात हे विधान मानत नाही. त्या हिशेबाला पक्क्या असतात, आणि त्यांचा हिशेब आपल्यापेक्षा पूर्ण असतो.

यावरून घरासाठी एक क्रम लावता येतो. जे निर्णय एकदाच घ्यायचे आणि मग विसरून जायचे, ते आधी. पंख्याचे उदाहरण घेऊ, कारण पंखा जवळजवळ प्रत्येक घरात आहे आणि तरी त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास घेतो. दिवसाला १० तास आणि वर्षातले २५० दिवस धरले तर एका पंख्यामागे सुमारे ११० युनिट वाचतात, तीन पंख्यांमागे ३३० च्या पुढे. युनिटला नऊ-दहा रुपये धरले तर पंखा तीन-चार वर्षांत आपली किंमत फेडतो आणि पुढे कमाईच. ही वीज आपल्याकडे अजून बहुतांश कोळशापासून येते. युनिटमागे साधारण पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे तीन पंखे बदलणारे कुटुंब दरवर्षी सुमारे अडीचशे किलो उत्सर्जन थांबवते, आणि त्यासाठी स्वयंपाकघरातल्या कोणालाही काही लक्षात ठेवावे लागत नाही. एसी घेताना ताऱ्यांची पट्टी पाहणे आणि तो २४ अंशांवर ठेवून रिमोटला हात न लावणे हे याच वर्गातले. संडासाची टाकी दोन बटणांची बसवणे, नळांना हवामिश्रित धार देणाऱ्या तोट्या बसवणे, छतावर वीजनिर्मितीचे पॅनेल घालणे हेही याच वर्गातले. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा अधिक क्षमतेसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पुणे महापालिका सौर ऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजलसंचय करणाऱ्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत देते. हे कागद भरण्याचे काम पुरुष उत्साहाने करतात. तो उत्साह आधी वापरून घ्यावा.

काही निर्णय तर काहीच न घेण्याचे असतात, आणि त्यांचे मोल मला फार वाटते. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचे उदाहरण पाहा. एक लिटर पिण्याचे पाणी देताना हे यंत्र साधारण दोन-तीन लिटर पाणी नळीतून बाहेर टाकते. मग सल्ला येतो की ते पाणी बादलीत धरा आणि फरशी पुसायला वापरा. म्हणजे बादली लावायची, भरली की उचलायची, सांडली तर पुसायचे. पण मुळात आरओ लागतो का? विरघळलेले क्षार काढणे हे त्याचे काम. पुण्याला पाणी देणारी खडकवासल्याच्या साखळीतली धरणे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाने भरतात. ते पाणी मूळचेच कमी क्षारांचे आहे. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओवर बंदी आणावी, असा निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला दिला होता. महापालिकेच्या अशा पाण्याला साधा गाळणीचा किंवा अतिनील किरणांचा फिल्टर पुरतो. मराठवाड्यातल्या खोल बोअरच्या जड पाण्याची गोष्ट निराळी. तिथे आरओ लावावा लागतो आणि त्याबद्दल कोणी अपराधी वाटून घेऊ नये. पण जिथे तो लागत नाही तिथे तो न घेतल्याने पाणी वाचते, वीज वाचते, पैसे वाचतात आणि बादलीही वाचते.

क्रमाने यानंतर येतात ज्ञानाचे निर्णय. यांत श्रम वाढत नाहीत, फक्त एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. कुकरची शिट्टी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. बंद कुकरमध्ये वाफेचा दाब वाढतो, तसा पाण्याचा उत्कलनबिंदू वर सरकतो आणि आतले तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत जाते. डाळ लवकर शिजते ती या तापमानामुळे. शिट्टी वाजते तेव्हा दाब ठरलेल्या मर्यादेला पोचलेला असतो आणि जास्तीची वाफ बाहेर पडते. त्यानंतर ज्योत मोठी ठेवली तरी आतले तापमान वाढत नाही. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. आणि पाण्याची वाफ करणे हे महागडे काम आहे: साधे पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते तिच्या सुमारे सात पट उष्णता तेच पाणी पूर्ण आटवायला लागते. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर ज्योत बारीक करून घड्याळाने वेळ मोजली तर डाळ तशीच शिजते आणि गॅस उरतो. 'चार शिट्ट्या' हे माप पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, पण ते वाफ वाया घालवण्याचे माप आहे. उघड्या पातेल्यात आमटी खळाखळा उकळत ठेवण्याचीही तीच कथा. उकळी मंद असो की जोरात, तापमान तेच राहते. भारत आपल्या वापरातला अर्ध्याहून अधिक स्वयंपाकाचा गॅस आयात करतो, तेव्हा ही गोष्ट एका घरापुरती छोटी दिसली तरी देशाच्या पातळीवर छोटी नाही. डाळ, छोले, राजमा आधी भिजवणे आपल्या स्वयंपाकघरांत चालत आलेच आहे, आणि त्यानेही शिजण्याचा वेळ बराच घटतो.

आता खरा अवघड भाग येतो. काही कामे अशी आहेत की ती रोज करावीच लागतात आणि त्यांना यंत्राचा किंवा युक्तीचा पर्याय नाही. ओला कचरा त्यांत पहिला. चौघांच्या कुटुंबाचा ओला कचरा रोज साधारण पाऊण ते एक किलो निघतो. तो सुक्यात मिसळून कचराभूमीवर गेला की ढिगाच्या आत, हवा न मिळता कुजतो आणि मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापमानवाढ घडवतो, वीस वर्षांच्या हिशेबाने ऐंशी पटींच्या आसपास. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग शहराने दिवसच्या दिवस धुराच्या रूपाने अनुभवली. पुण्याचा कचरा ज्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात वर्षानुवर्षे ओतला गेला, तिथल्या गावकऱ्यांनी आंदोलने केली, गाड्या अडवल्या. आपल्या भाज्यांच्या देठांमुळे त्यांच्या विहिरी नासल्या. तेव्हा ओला कचरा घरीच किंवा आवारातच जिरवला पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण घरी खत करणे म्हणजे नेमके काय, तेही जवळून पाहू या. सालींत, देठांत, उरलेल्या अन्नात नत्र आणि पाणी जास्त असते; वाळक्या पाल्यात कर्ब जास्त असतो. सूक्ष्मजीवांना साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र हे प्रमाण मानवते. म्हणून प्रत्येक थरावर मूठभर वाळका पाला किंवा नारळाचा भुसा टाकायचा. तो कमी पडला तर बादलीत पाणी साठते, हवा कोंडते आणि वास सुटतो. जास्त झाला तर कुजणे मंदावते. मोठ्या साली चिरून टाकायच्या, दोन-तीन दिवसांनी ढवळायचे, खालचा अर्क काढून पातळ करून झाडांना घालायचा, चिलटे झाली की वरचा थर कोरडा करायचा, पावसाळ्यात अळ्या दिसल्या तर घाबरायचे नाही, कारण त्या कचरा फस्तच करत असतात. रोजची दहा मिनिटे आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे हे काम आहे. ज्याला झाडांची आवड आहे त्याला ते आनंदाचे वाटते. ज्याच्यावर ते येऊन पडले आहे त्याला त्यात आनंद कुठून सापडणार? घराघरांत घेतलेल्या खताच्या टोपल्या रिकाम्या पडतात त्या याच फरकामुळे.

यावर उपाय आहे, आणि तो सोसायटीच्या आवारात आहे. ६० घरांत ६० टोपल्या ठेवून ६० जणींची दहा मिनिटे घेण्यापेक्षा आवारात दोन-तीन मोठे हौद बांधावेत आणि ते सांभाळणाऱ्या माणसाला चांगला पगार द्यावा. घराने फक्त ओला आणि सुका वेगळा करावा. श्रम तेच राहतात, पण ते उघड होतात, त्यांना दाम मिळतो आणि ते एका माणसाचे कौशल्य बनतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांवर आवारातच ओला कचरा जिरवण्याची जबाबदारी टाकली होती. या बाबतीत पुण्याचा इतिहास अभिमान वाटावा असा आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून कचरावेचक बायकांशी संबंध आला, आणि १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. असंघटित कष्टकऱ्यांना कसे संघटित करावे याचे उदाहरण डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने आधीच घालून दिले होते. पुढे याच पंचायतीतून 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. कचरा घरातच वेगळा करून द्या ही मागणी पर्यावरणवाद्यांच्या आधी या बायकांनी केली, कारण मिसळलेल्या कचऱ्यात हात घालायचे काम त्यांचे होते. आपण वेगळ्या डब्यांसाठी काढलेले अर्धे मिनिट त्यांचे तास वाचवते आणि त्यांचे हात वाचवते. घरचे श्रम मोजताना दाराबाहेरचे श्रमही त्याच वहीत लिहावे लागतात, ते यासाठी.

सॅनिटरी पॅड आणि डायपरच्या प्रश्नात हे दोन्ही हिशेब एकमेकांसमोर येऊन उभे राहतात. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही पुण्यातल्या कचरावेचकांची मागणी अगदी साधी आहे. तेवढेही अनेक घरांत होत नाही, याची खंत वाटते. पण कापडी घड्या वापरा, हा सल्ला मात्र पाणी, आडोसा आणि ऊन ज्यांना मिळते त्यांनाच देता येतो. चाळीत एका नळावर दहा कुटुंबे असताना तो सल्ला उद्धटपणाचा ठरतो. ज्यांना मानवतो त्यांना सिलिकोनचा मासिक पाळीचा कप हा चांगला पर्याय आहे, कारण तो कचराही टाळतो आणि धुणेही जवळजवळ टाळतो. लंगोटांच्या बाबतीत इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २००५ आणि २००८ मध्ये केलेला अभ्यास उद्बोधक आहे. सुती लंगोट आणि एकदा वापरून फेकायचे डायपर यांत कोण सरस, हे वस्तूपेक्षा धुण्याच्या पद्धतीवर ठरते असे त्यात दिसले. गरम पाण्यात धुऊन यंत्रात वाळवले तर सुती लंगोटाचा फायदा संपतो. यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या मुलालाही तेच वापरले तर तो स्पष्ट पुढे जातो. आपल्याकडे गार पाणी आणि दोरी ही रीतच आहे, तेव्हा पर्यावरणाचा कौल लंगोटाकडे जातो. मात्र बाळंतिणीच्या पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला पंधरा-वीस लंगोट कोण धुणार, हे ठरल्याखेरीज हा कौल तिच्यावर लादू नये. बाळाचा बाप धुणार असेल तर लंगोट जरूर आणावेत. नसेल तर दिवसा लंगोट आणि रात्री डायपर, ही तडजोड मला पूर्णपणे प्रतिष्ठित वाटते.

अन्नाची नासाडी हा विषय मी थोडा वेगळ्या कारणासाठी काढतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालात जगात २०२२ मध्ये सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे आणि त्यातले साठ टक्के घरांतले. भारतीय घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोच्या आसपास, जगाची सरासरी ७९. आपला आकडा कमी आहे याचे श्रेय आपण 'संस्कृती'ला देतो. त्या श्रेयाची वाटणी नीट केली पाहिजे. फोडणीचा भात, फोडणीची पोळी, थालीपीठात घातलेली कालची भाजी हे पाककौशल्य आहे आणि ते कौतुकाचेच आहे. पण जे उरते आणि ज्याचे काहीच होत नाही, ते कोणाच्या ताटात जाते? मराठी घरांत याचे उत्तर सर्वांना माहीत आहे. टाकवत नाही म्हणून घरातली बाई ते खाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शिळ्यामुळे रक्तक्षय होतो असे मी म्हणत नाही. पण सर्वांच्या शेवटी आणि उरलेले खाण्याची रीत आणि हा आकडा एकाच घरात राहतात. वाया जाऊ न देण्याची जबाबदारी ताटाच्या शेवटी नको, स्वयंपाकाच्या आधी हवी. रात्री जेवायला कोण आहे, कोण बाहेर खाऊन येणार, हे प्रत्येकाने दुपारपर्यंत सांगणे हा कुठल्याही फ्रिजपेक्षा परिणामकारक उपाय आहे, आणि तो घरातल्या बाकीच्यांच्या हातात आहे.

या म्हणण्यावर घेतले जाणारे काही आक्षेप मला माहीत आहेत. पहिला असा की, आपल्या आज्या-पणज्या हे सगळे करतच होत्या. राखेने भांडी घासत, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत, काही फेकत नसत. मग आजच श्रमाची तक्रार का? त्या काळाबद्दल मला आदर आहे, पण त्या घरांचा दिवस पहाटे जात्यावर सुरू होत असे आणि त्यासाठी अनेकदा मुलीची शाळा सुटत असे. कमी कचऱ्याचे ते जीवन तिच्या न मिळालेल्या शिक्षणावर उभे होते. गोधडी जरूर शिवावी, पण ती परंपरेची आज्ञा म्हणून नको. कपडे धुण्याच्या यंत्राकडेही मी याच नजरेने पाहतो. ते वीज घेते हे खरे. पण गार पाण्यावर, पूर्ण भरून चालवले तर फार घेत नाही, आणि बदल्यात देते ते तास कुठल्याही सौर पॅनेलने मिळणार नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एका घराने काय होणार, प्रदूषण तर उद्योग करतात. यातले अर्धे सत्य मान्य करायला हवे: कोळशाची केंद्रे, सिमेंट, पोलाद, वाहतूक यांची धोरणे बदलल्याशिवाय घराघरांतल्या बचतीने हवामान सावरणार नाही. पण देशातल्या विजेपैकी सुमारे पाव हिस्सा घरांत वापरला जातो, आणि पंख्यांपासून एसींपर्यंत हा हिस्सा वाढतो आहे. उन्हाळ्याच्या रात्री विजेची मागणी चढते ती बरीचशी आपल्या बेडरूममुळे. शिवाय या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष माझ्या मताला बळच देतो. मोठे बदल बाहेर व्हायला हवेत, तर घराने आपली शक्ती रोजच्या बारीकसारीक त्यागांत संपवू नये. चार ठोस निर्णय घ्यावेत आणि उरलेला वेळ प्रभाग समितीत, ग्रामसभेत, सोसायटीच्या बैठकीत लावावा. बसथांबा जवळ आला आणि बस वेळेवर आली तर एका कुटुंबाची दुचाकी महिनाभर जेवढे पेट्रोल जाळते तेवढे वाचू शकते. प्लास्टिकची पिशवी नाकारून ते साधणार नाही.

आणखी एक आक्षेप शहरी मध्यमवर्गात हलक्या आवाजात घेतला जातो: आमच्याकडे कामाला बाई आहे, ती करेल. करेलही. पण वेगवेगळे डबे धुणे, खताची टोपली ढवळणे, आरओची बादली उचलणे हे तिच्या ठरलेल्या कामात नव्हते. आपल्या पर्यावरणप्रेमाचे काम तिच्याकडे दिले तर त्याचे पैसे वाढवून द्यावेत. कापडी फडकी वाढली, स्टीलचे डबे वाढले की तिचे घासणे-धुणे वाढते, हे महिन्याच्या पगारात दिसले पाहिजे. ते परवडत नसेल तर ते काम आपण करावे.

आणि शेवटचा आक्षेप स्वतः बायकांकडून येतो: स्वयंपाकघरात पुरुषांची लुडबुड नको, त्यांनी केलेले पुन्हा करावे लागते. हा अनुभव खोटा नाही. म्हणून मी पुरुषांनी 'मदत' करावी असे सुचवत नाही. एखादे संपूर्ण काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्यांनी आपल्या अंगावर घ्यावे. घरातला सगळा कचरा हे असे एक काम आहे: डबे आणण्यापासून ते धुण्यापर्यंत, वाळका पाला गोळा करण्यापासून 'स्वच्छ'च्या ताईंना वेळेवर पैसे देण्यापर्यंत, चिलटे झाली तर उपाय शोधण्यापर्यंत. त्यात चुका होतील, पहिल्या महिन्यात वासही येईल, पण ते काम कोणाचे याविषयी संशय राहणार नाही. सोसायट्यांच्या वार्षिक सभा होतील तेव्हा गच्चीवरचे पॅनेल, आवारातला खताचा हौद आणि तो सांभाळणाऱ्याचा पगार हे तीन विषय एकाच ठरावात घ्यावेत अशी माझी सूचना आहे. पहिल्याला मंजुरी आणि दुसऱ्या-तिसऱ्याला 'पुढच्या वर्षी पाहू' असे आता होऊ नये. आणि त्या सभेला जो जातो त्याने त्या संध्याकाळी घरचा स्वयंपाक कोण करते आहे हेही पाहून जावे, कारण ज्या व्यक्तीच्या हातांतून हे सगळे निर्णय रोज पार पडतात ती बहुतेक वेळा त्या वेळी शेगडीपाशी असते आणि मतदानाला तिथे हजर नसते.